शहरापासून ४५ किलोमीटरवर घर आणि रोज गाडीने ये-जा: जमेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शहरात नोकरी मिळाली आहे, घर शहराबाहेर ४५ किलोमीटरवरच्या गावात आहे आणि ते सोडायची इच्छा नाही. एका रविवारी गाडी काढून बघितलीत, तेव्हा ५० मिनिटांत ऑफिसच्या दारात पोहोचलात. तर रोज गाडीने ये-जा जमेल का, की शहरात भाड्याने राहावं? आणि जायचंच ठरलं तर हाताशी असलेली आठ वर्षं जुनी गाडी काढून नवी घ्यावी का?

मी १९ वर्षं असाच प्रवास करतो आहे, एका बाजूने ४८ किलोमीटर. नोकरीही याच विषयातली आहे. आसपासच्या गावांतून शहरात कामाला येणाऱ्या लोकांच्या गाड्यांचे मार्ग आणि वेळा मी लावतो. त्यामुळे स्वतःच्या काचेतून दिसलेलं आणि इतर चालकांच्या नोंदवह्यांतून कळलेलं, दोन्ही सांगतो.

जमेल. पण ती रविवारची ५० मिनिटं आधी डोक्यातून काढून टाका. त्या आकड्यावर ज्यांनी घराचा निर्णय घेतला, त्यांचे हाल मी बघितले आहेत. सुट्टीच्या दिवशीचा रस्ता आणि सोमवारी सकाळचा रस्ता यांत फक्त डांबर तेवढं सारखं असतं. नोकरी सुरू व्हायला महिना असेल तर कामाच्या दिवशी, खऱ्या वेळेला निघून चार-पाच वेळा जाऊन या. नोकरी सुरू झाली असेल तर पहिले २० दिवस गाडीत एक वही ठेवा. त्यात रोज तीन वेळा लिहायच्या: घरातून निघालो ती, शहराच्या तोंडाशी पोहोचलो ती, आणि खुर्चीत बसलो ती. ऑफिसच्या दारातली वेळ लिहू नका, खुर्चीतलीच लिहा. पार्किंगची जागा शोधणं, तिथून चालत येणं, लिफ्टसाठी थांबणं, यात सहज १५ मिनिटं जातात आणि हिशेबात ती कोणीच धरत नाही. परतीच्याही अशाच तीन वेळा लिहा.

मग सरासरी काढत बसू नका. घरातून निघाल्यापासून खुर्चीत बसेपर्यंत लागलेल्या मिनिटांचे वीसही आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडा आणि एकोणिसावा बघा. समजा सरासरी ७५ मिनिटं आली आणि एकोणिसावा आकडा ११० निघाला, तर तुमचा प्रवास ११० मिनिटांचा आहे असं धरून चाला. वेळेवर पोहोचायचं असेल तर निघावं लागतं ते वाईट दिवसाच्या हिशेबाने. माझ्या अनुभवात माणूस लांब प्रवासाने जेवढा थकत नाही, तेवढा आज किती वेळ लागेल हे माहीत नसण्याने थकतो. रोज ९० मिनिटंच लागत असतील तर शरीर आणि घर दोन्ही त्याला सरावतात. एक दिवस ६०, दुसऱ्या दिवशी १२० असं असलं की मुलाला शाळेतून आणायला कोण जाणार, हे रोज नव्याने ठरवावं लागतं. तुम्ही मला किलोमीटर सांगितलेत. मला ऐकायचा आहे तो तुमच्या चांगल्या आणि वाईट दिवसातला फरक.

आता वेगाबद्दल, कारण पहिल्या महिन्यात सगळे हायवेवर गाडी दामटून वेळ वाचवायला बघतात. हिशेब करू. समजा तुमचे ३५ किलोमीटर मोकळ्या रस्त्याचे आणि १० किलोमीटर शहरातले आहेत. मोकळ्या रस्त्यावर ताशी ८० ने गेलात तर साधारण २६ मिनिटं, १०० ने गेलात तर २१ मिनिटं. वाचली पाच. शहरातले १० किलोमीटर ताशी २० च्या सरासरीने पडले तर ३० मिनिटं लागतात आणि १५ च्या सरासरीने पडले तर ४०. म्हणजे हायवेवर जीव मुठीत धरून कमावलेली पाच मिनिटं शहराच्या तोंडाशी एक-दोन सिग्नल जास्त लागले की गेली. बदल्यात काय दिलंत? गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे १०० वर ती ८० पेक्षा ५६ टक्के जास्त असते, आणि ब्रेक मारल्यावर तेवढीच जास्त जिरवावी लागते. हवेचा विरोधही त्याच प्रमाणात वाढतो, त्यामुळे इंधनही जास्त जळतं. रोजच्या प्रवासात हा सौदा वर्षाला चारशे-पाचशे वेळा होतो. मी तो पहिल्या वर्षीच बंद केला.

वेळ खरा वाचतो तो निघण्याच्या वेळेत, आणि याचं कारण रांगेच्या गणितात आहे. समजा शहरात शिरण्याच्या जागी दोन लेनमधून मिनिटाला ६० गाड्या पुढे जाऊ शकतात. अर्धा तास मिनिटाला ६६ गाड्या येत राहिल्या, म्हणजे फक्त १० टक्के जास्त, तर १८० गाड्या साठतात. त्यानंतर गर्दी ओसरून मिनिटाला ५७ वर आली, तरी साठलेल्या गाड्या मिनिटाला तीन अशाच कमी होणार. म्हणजे अर्ध्या तासाच्या थोड्याशा जास्तीची रांग फिटायला पुढचा पूर्ण तास लागतो. म्हणून 'गर्दीची वेळ तर संपली होती, तरी अडकलो' असं लोक म्हणतात, आणि ते खरं असतं. विल्यम विक्री या अर्थतज्ज्ञाने १९६९ साली हेच गणित मांडलं होतं: अरुंद जागेपाशी प्रत्येक जण लवकर पोहोचण्याचा तोटा, उशिरा पोहोचण्याचा तोटा आणि रांगेत उभं राहण्याचा तोटा यांत तडजोड करतो, आणि त्या सगळ्यांच्या तडजोडीतून रांग तयार होते. त्याला १९९६ साली नोबेल मिळालं.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा. प्रत्येक रस्त्याला एक उंबरठ्याची वेळ असते. त्याआधी निघालात तर पाच मिनिटं उशिराने निघण्याची किंमत पाचच मिनिटं असते. उंबरठा ओलांडला की पाच मिनिटांच्या उशिराला दहा-बारा मिनिटं मोजावी लागतात. माझ्या रस्त्याची ती वेळ सकाळी ६:५५ आहे. ६:५० ला निघालो तर ६५ मिनिटांत खुर्चीत, ७:१० ला निघालो तर ९० मिनिटं. तुमची वेळ वेगळी असणार आणि ती नकाशाचं ॲप पूर्ण सांगणार नाही, वही सांगेल. एक आठवडा दहा मिनिटं आधी निघा, पुढचा आठवडा वीस मिनिटं आधी, आणि आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. लवकर पोहोचून ऑफिसात मिळालेला शांत अर्धा तास हा रांगेत गेलेल्या अर्ध्या तासापेक्षा कितीतरी मोलाचा असतो. संध्याकाळी असा उंबरठा शोधणं अवघड जातं, कारण निघण्याची वेळ आपल्या हातात नसते आणि गर्दी जास्त वेळ पसरलेली असते. तरी साहेबांशी बोलून सकाळी लवकर येऊन संध्याकाळी तासभर आधी निघायची परवानगी मिळते का, ते नोकरी घेतानाच विचारा. पगाराच्या बोलण्याइतकंच हे बोलणं महत्त्वाचं आहे, आणि नोकरी लागण्याआधी ते जितकं सहज होतं तितकं नंतर होत नाही.

कोणी सांगेल की नवा उड्डाणपूल होतोय, रस्ता रुंद होतोय, दोन वर्षांत ४० मिनिटांवर येईल. त्या भरवशावर घर ठरवू नका. अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९६२ मध्येच लिहिलं होतं की गर्दीच्या वेळी मोकळी झालेली जागा इतर रस्त्यांवरून, इतर वेळांतून आणि बस-रेल्वेतून आलेले लोक भरून टाकतात. ड्युरांटन आणि टर्नर या अर्थतज्ज्ञांनी २०११ मध्ये अमेरिकी शहरांची आकडेवारी तपासली, तेव्हा रस्ते जितके वाढले जवळपास तितक्याच प्रमाणात गाड्यांनी कापलेलं अंतर वाढलेलं दिसलं. रस्ता झाला तर आनंदच आहे, पण गणित आजच्या रस्त्यावरच मांडा.

रांगेत गाडी कशी चालवायची, हेही सांगायला हवं, कारण त्यावर तुमचा थकवा ठरतो. जपानमध्ये सुगियामा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. २३० मीटरच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या, सगळ्यांना ताशी ३० च्या वेगाने सारखं चालत राहायला सांगितलं. सिग्नल नाही, चौक नाही, अपघात नाही. तरी थोड्याच वेळात कोणी किंचित हळू झालं, मागच्याने जरा जास्त ब्रेक दाबला, त्याच्या मागच्याने आणखी, आणि गाड्या चक्क थांबायला लागल्या. थांबण्याची ती लाट ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने मागे मागे सरकत राहिली. रोजच्या रस्त्यावर 'इथे काहीच नव्हतं, मग थांबलो कशाला' असं ज्या जागी वाटतं, तिथे बहुतेक वेळा हीच लाट आपल्या अंगावरून गेलेली असते. पुढच्याच्या ब्रेकलाइटवर डोळे लावून बसलात तर प्रत्येक लाट तुमच्या पायातून जाते. नजर तीन-चार गाड्या पुढे ठेवा, पुढे जागा सोडा, आणि ती जागा कमीजास्त होऊ द्या. ब्रेकऐवजी बहुतेक वेळा ॲक्सिलरेटरवरून पाय उचलूनच भागतं.

अंतर किती सोडायचं? दोन सेकंदांचं. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोहोचली की 'एक हजार एक, एक हजार दोन' असं मनात म्हणा. ते म्हणून होण्याआधी तुम्ही खांबापाशी आलात तर फार जवळ आहात. ताशी ८० ला सेकंदाला २२ मीटर जातात, म्हणजे हे अंतर ४४ मीटरचं. पावसात तीन सेकंद, धुक्यात त्याहून जास्त. 'मग मध्ये दुसरा घुसतो' ही तक्रार मला प्रत्येक नवा चालक करतो. घुसू द्या. एक गाडी पुढे आली की तुमचे सुमारे दोन सेकंद जातात. पूर्ण रस्त्यात तीस जण घुसले तर एक मिनिट गेलं. दीड तासाच्या प्रवासात एक मिनिट देऊन मान, खांदे आणि डोकं हलकं घेऊन घरी जाता येत असेल तर मी ते रोज आनंदाने देतो.

यानंतरचं जे सांगतो ते कृपा करून नीट वाचा. या सगळ्या प्रवासातली सर्वांत मोठी भीती झोपेची आहे. मला तिसऱ्या वर्षी हे कळलं. संध्याकाळची वेळ, घर १५ किलोमीटरवर, रस्ता तोंडपाठ. एका पुलावर चढल्याचं मला आठवतं. त्यानंतरचं आठवतं ते टायरखालचा खडखडाट. रस्त्याच्या कडेला चालकाला जागं करण्यासाठी जे उंचवटे केलेले असतात, त्यावर डावी चाकं गेली होती. पुलापासून तिथपर्यंतचा रस्ता माझ्या आठवणीत नाही, आजही नाही. ताशी ९० ला गाडी सेकंदाला २५ मीटर जाते. चार सेकंदांची डुलकी म्हणजे १०० मीटर, बिनचालकाचे. त्या दिवशी कडेला कोणी चालत नव्हतं, एवढंच माझं नशीब. मी गाडी बाजूला घेतली आणि बराच वेळ हात थरथरत होते.

ओळखीच्या रस्त्यावर, घर जवळ आल्यावर, अंधार पडताना हे होतं. खुणा आधी दिसतात: जांभया, पापण्या जड होणं, वेग कारण नसताना वर-खाली होणं, लेनमध्ये गाडी तरंगल्यासारखी वाटणं, आणि सगळ्यांत पक्की खूण म्हणजे मागचे दोन किलोमीटर आठवत नसणं. काच खाली करणं आणि गाणी मोठ्याने लावणं यांनी बरं वाटतं, पण झोप फार तर काही मिनिटं लांबते. उपयोग होतो तो सुरक्षित जागी थांबण्याचा. एक कप कॉफी प्या आणि लगेच सीट मागे करून १५ मिनिटांचा गजर लावून डोळे मिटा. कॉफीचा परिणाम सुरू व्हायला वीसेक मिनिटं लागतात, तोवर डुलकी झालेली असते आणि दोन्हींचा फायदा एकदम मिळतो. १५ ते २० मिनिटांहून जास्त झोपू नका, उठल्यावर डोकं जड राहतं. उठल्यावर लगेच स्टिअरिंग धरू नका, पाच मिनिटं गाडीबाहेर चाला. घरी आधीच सांगून ठेवा की कधीकधी मी असा थांबेन, म्हणजे उशीर झाला म्हणून फोन वाजत राहणार नाही आणि थांबायला संकोचही वाटणार नाही.

सलग १७ तास जागं राहिल्यावर माणसाची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी मंदावते, हे १९९० च्या दशकातल्या संशोधनातून दिसलं आहे. पहाटे ५ ला उठलात तर रात्री १० वाजता तुम्ही तिथे पोहोचता. म्हणजे ऑफिसच्या समारंभाहून रात्री उशिरा परतताना एक थेंब न घेताही तुम्ही त्या अवस्थेत गाडी चालवत असता. मी अशा रात्री शहरातच मुक्काम करतो, आणि माझ्या हाताखालच्या चालकांनाही तोच नियम आहे. रोज लवकर निघायचं असेल तर रात्रीचे सात तास झोपेचे, ही प्रवासाची अट समजा. रात्री १२ ला झोपून ५ ला उठणं आणि ९० किलोमीटर चालवणं हे वर्षभर चालत नाही.

यातच एक लहानशी गोष्ट, जी फार थोड्यांना माहीत असते. एसीचं बटण आतलीच हवा फिरवण्यावर ठेवून तासभर गेलात, त्यात गाडीत तिघे-चौघे असले, तर श्वासातला कार्बन डायऑक्साइड आत साठत जातो आणि सुस्ती येते. धूर सोडणाऱ्या ट्रकच्या मागे किंवा बोगद्यात तेवढ्यापुरतं ते बटण दाबा, मग आठवणीने बाहेरची हवा चालू करा.

फोनबद्दल थोडक्यात: हात मोकळे असले तरी बोलताना डोकं मोकळं नसतं. निघण्याआधी महत्त्वाचे फोन करून घ्या. शेजारी बसलेला माणूस रस्ता बघून बोलायचं थांबतो, फोनवरचा थांबत नाही.

तुमचं गाव शहराच्या कोणत्या दिशेला आहे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पश्चिमेला असेल तर सकाळी पूर्वेकडे जाताना उगवता सूर्य डोळ्यांत आणि संध्याकाळी पश्चिमेकडे परतताना मावळता सूर्यही डोळ्यांत. पूर्वेला असेल तर दोन्ही वेळा सूर्य पाठीशी. घर अजून घ्यायचं असलेल्यांना मी हे आवर्जून सांगतो. पूर्व-पश्चिम रस्त्यावर मार्च आणि सप्टेंबरच्या शेवटी सूर्य अगदी रस्त्याच्या टोकाला उगवतो-मावळतो, तेव्हा काही मिनिटं पुढची गाडी फक्त काळी सावली दिसते. गॉगल आणि सन-व्हायझर हवाच, पण त्याहून उपयोगाची गोष्ट म्हणजे समोरची काच आतून पुसणं. बाहेरून सगळे धुतात. आतल्या बाजूला डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून निघणाऱ्या वाफेचा आणि श्वासाचा एक पातळ थर बसतो. सावलीत गाडी उभी असताना तो दिसत नाही. बोट फिरवून बघा, रेघ उमटेल. सूर्य समोर आला किंवा रात्री समोरून दिवे आले की हाच थर पांढरा धुरकट पडदा होतो. दर रविवारी स्वच्छ ओलसर सुती कापडाने आणि मग कोरड्याने, कोपऱ्यांपर्यंत पुसा. पहिल्यांदा पुसल्यावर कापडाचा रंग बघून तुम्हालाच पटेल.

अंधार लवकर पडतो त्या महिन्यांत वेग प्रकाशाच्या हिशेबाने ठेवा. डिपरवर नीट दिसतं ते साधारण ४० ते ६० मीटरपर्यंत. कोरड्या रस्त्यावर ताशी ८० वरून थांबायला, धोका लक्षात येण्याचा दीड सेकंद धरून, ६५-७० मीटर लागतात. म्हणजे अंधाऱ्या रस्त्यावर डिपरवर ८० ने जाताना, दिसलेल्या वस्तूच्या आधी थांबता येईलच असं नसतं. समोरून कोणी अप्पर मारत आला तर त्याच्या दिव्यांकडे न बघता आपल्या बाजूच्या कडेच्या पांढऱ्या रेषेकडे बघा आणि वेग उतरवा.

आता खर्च. इथे मी एकही किंमत सांगणार नाही, कारण ती तुमच्या गावात वेगळी असेल. पण वर्षाला ११ महिने, महिन्याला २२ दिवस धरले तर २४२ दिवस होतात. रोजचे ९० किलोमीटर म्हणजे वर्षाला २१,७८० किलोमीटर. लोक फक्त इंधन धरतात, कारण ते दर आठवड्याला खिशातून जाताना दिसतं. टायर साधारण ४०-५० हजार किलोमीटर टिकतात, म्हणजे दर दोन वर्षांनी चार टायर. सर्व्हिसिंग १० हजारांनी असेल तर वर्षातून दोनदा. शिवाय एवढं पळालेल्या गाडीची विकतानाची किंमत उतरते. हे सगळं एका कागदावर मांडा आणि शेजारी शहरातल्या भाड्याचा आकडा लिहा. मग वेळ. जाऊन-येऊन अडीच तास धरले तर वर्षाला ६०५ तास, म्हणजे आठ तासांच्या हिशेबाने कामाचे साधारण ७६ दिवस. त्या तासांचा दर ठरवू नका हवं तर, पण कागदावर लिहा मात्र.

अर्थशास्त्र सांगतं की लांब राहणाऱ्याला स्वस्त आणि मोठं घर मिळतं, त्याने प्रवासाची भरपाई होते. स्टुट्झर आणि फ्राय या अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतली अनेक वर्षांची माहिती तपासून २००८ मध्ये प्रसिद्ध केलं की तशी पूर्ण भरपाई होत नाही. ज्यांचा प्रवास लांब, त्यांचं समाधान कमीच राहतं. २००४ मध्ये मानसशास्त्रज्ञ काहनेमन आणि सहकाऱ्यांनी टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांना आदला दिवस प्रसंगाप्रसंगाने कसा गेला ते विचारलं, तेव्हा सकाळचा कामावर जायचा प्रवास सगळ्यांत तळाला होता. हे वाचूनही मी गावात राहतो, कारण माझे आईवडील तिथे आहेत आणि त्यांच्या म्हातारपणी रात्री मी घरात असणं मला हवं होतं. तुमचं कारण तितकंच घट्ट असेल तर प्रवास सहन होतो. फक्त दोन खोल्या जास्त मिळतात म्हणून लांब राहणारे माझ्या ओळखीतले बहुतेक लोक तीन-चार वर्षांत शहरात आले.

आणि पूर्ण रस्ता गाडीनेच करायला हवा असं कुठे आहे? शहराच्या कडेला रेल्वे किंवा चांगल्या बसची सोय असेल तर गाडी तिथे लावा आणि शेवटचे १० किलोमीटर तिच्यावर सोडा. वर मांडलेलं गणित आठवा: निम्म्याहून जास्त वेळ आणि जवळपास सगळी अनिश्चितता त्याच १० किलोमीटरांत आहे. आमच्याकडचे ज्यांनी हे केलं त्यांच्या वहीतला एकोणिसावा आकडा एकदम खाली आला, सरासरी तेवढीच राहिली तरी. आठवड्यातून दोन दिवस घरून काम मिळत असेल तर सोमवार घ्या, आणि दुसरा दिवस मधला घ्या, म्हणजे सलग दोन दिवसांहून जास्त चालवावं लागत नाही.

गावातले आणखी दोघं-तिघं त्याच बाजूला जात असतील तर एकत्र जा, पण पहिल्याच दिवशी नियम बोलून घ्या. ठरलेल्या जागी तीन मिनिटं थांबायचं, मग निघायचं, आणि कोणी रागवायचं नाही. चालवण्याची पाळी दिवसाने बदलायची, पैशांचा हिशेब महिन्याला एकदाच. मागे बसणाऱ्याने खुशाल झोपावं. पुढे बसणाऱ्याने मात्र जागं राहायचं आणि चालकावर लक्ष ठेवायचं, हे त्याचं काम आहे. गट मोडतात ते पैशांवरून क्वचित. 'आलोच, दोन मिनिटं' यावरून मोडतात.

राहिला गाडीचा प्रश्न. नवी आत्ता घेऊ नका. आठ वर्षांची गाडी नीट सांभाळलेली असेल तर हा प्रवास करू शकते. सारख्या वेगाचा लांब रस्ता इंजिनाला गल्लीतल्या दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांपेक्षा मानवतो. मात्र चार गोष्टींवर लगेच खर्च करा. टायरच्या कडेवर चार आकड्यांचा एक कोड असतो, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. तुमचे मूळचेच टायर असतील तर नक्षी कितीही दिसो, बदला. नक्षीची किमान खोली बऱ्याच देशांच्या कायद्यात १.६ मिलिमीटर आहे, पण ओल्या रस्त्यावर पाणी बाहेर फेकायची ताकद त्याआधीच घटलेली असते. मी ३ मिलिमीटरला बदलतो. हवा सकाळी, गाडी थंड असताना बघा. ४५ किलोमीटर पळाल्यावर टायर तापून आकडा फुगलेला दिसतो आणि कमी हवा कमी वाटत नाही. थंडी पडली की तापमान १० अंशांनी उतरलं तर साधारण दीड पीएसआय कमी होतो, तेव्हा ऋतू बदलला की पुन्हा बघा. उरलेल्या तीन गोष्टी म्हणजे वायपरची रबरं, ब्रेक पॅड आणि हेडलाइटच्या पिवळ्या पडलेल्या काचा.

सीटही मोजून लावा. पाठ पूर्ण टेकलेली असताना हात सरळ केला तर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे, आणि क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. माझी कंबर दोन वर्षं दुखत होती ती यानेच थांबली.

असे तीन-चार महिने चालवा. नवी गाडी कोणती घ्यायची हे तोवर वहीत उतरलेलं असेल. जास्त वेळ शहरातल्या रांगेत जातो असं दिसलं तर क्लच नसलेली, ऑटोमॅटिक घ्या, डाव्या गुडघ्याला पहिल्याच आठवड्यात फरक कळेल. घरी रात्रभर चार्जिंगची सोय असेल तर इलेक्ट्रिकचा जरूर विचार करा. रोजचे ९० किलोमीटर तिला सहज जमतात आणि रांगेत ब्रेक मारताना तिला थोडी वीज परत मिळते. फक्त हायवेचा वेग आणि कडक थंडी तिची रेंज कमी करते, म्हणून कागदावरच्या रेंजवर जाऊ नका. बहुतेक प्रवास मोकळ्या रस्त्याचा निघाला तर डिझेलही चालेल. त्याच्या धुराच्या फिल्टरला साफ व्हायला असा लांब, गरम पल्ला लागतोच. रात्रीचं चालवणं जास्त असेल तर बाकी सगळं सोडून चांगले दिवे आणि चांगली सीट असलेली गाडी बघा, आणि घेण्याआधी ती संध्याकाळी अंधार पडल्यावर, याच रस्त्यावर, एकदा चालवून बघा.